बसायचे पैसे वेगळे

आदरणीय ताई,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा नमस्कार. पाकीट पाहून दचकू नका. घरात सगळे जिवंत आहेत आणि आम्ही दोघंही अजून एकाच छपराखाली आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? उजवाच जास्त दुखतो, की आता डाव्याने त्याला मागे टाकलं? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत असाल असं धरून चालते (दुसऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तुम्हाला पाठ असतात, स्वतःच्या नसतात). माझं म्हणाल तर तब्येत ठणठणीत आहे, आणि सध्या घरात राग आहे तो त्याच गोष्टीचा.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. परवाच्या फोनवर तुम्ही भरपूर बोललात आणि मी "हो ताई", "नाही ताई" आणि "तसं नाही ताई" एवढंच बोलले. त्यातलं शेवटचं तर पुरंही झालं नाही. कागद मध्ये तोंड घालत नाही, म्हणून कागद. तुम्ही म्हणालात, सोन्याचं मन मोडून तू एकटी परदेशी निघालीस, शोभतं का तुला? ताई, तुमचा हा भाऊ सोन्या आता निवृत्तीला आलाय. त्याला टक्कल आहे आणि त्याच्या हाताखाली आठ माणसं आहेत. पण तुमच्या डोळ्यांसमोर अजून तो चड्डीतच आहे, त्याला इलाज नाही. ह्यांनी तुम्हाला कुठून कुठपर्यंत सांगितलं मला ठाऊक नाही. ह्यांची कुठलीही हकीकत स्वतःच्या कष्टांपासून सुरू होते आणि माझ्या चुकीपाशी संपते, म्हणून मी आपली पहिल्यापासून सांगते.

तुम्हाला माहीत आहे, मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, मी शेजारी उभी राहून भिंगं बदलते आणि विचारते, पहिलं स्पष्ट की दुसरं? मग परत, हे स्पष्ट की हे? आयुष्यभर लोकांना मी दोनातलं एक निवडायला लावलं आणि घरी आले की माझ्यापुढे एकच असायचं. खोलीत खुर्ची एकच, आणि ती गिऱ्हाइकाची. घरी आलं की ओटा, आणि ओट्यापुढे खुर्ची ठेवायची पद्धत अजून कुणी काढलेली नाही. तर दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. लांबचा चष्मा घाईने हवा होता, कारण युरोपला निघाल्या होत्या. मी भिंग बदलता बदलता विचारलं, काय काय बघणार? त्या म्हणाल्या, "बघून झालंय मागे एकदा. आता एका चौकात नुसती बसणार आहे." त्या बाईंचा नंबर काय होता तो मी विसरले, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री वाढताना ह्यांना म्हटलं, तुम्ही रिटायर होण्याआधी आपण एकदा युरोपला जाऊ या. हे जेवले, हात धुतले, टॉवेल घडी करून ठेवला आणि म्हणाले, "एस्टिमेट काढतो."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला ह्यांचं बालपण माहीत. मला ह्यांचं एस्टिमेट माहीत आहे. बांधकाम कंपनीत ह्यांचं कामच ते. किती विटा, किती सिमेंट, किती सळई, आणि आलेल्या बेरजेवर दहा टक्के वाया. माल फुटतो, सांडतो, चोरीला जातो, म्हणून दहा टक्के आधीच गेले म्हणून धरायचे. ऑफिसात ह्यांना तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठ वळली की "दहाटक्के". घरातही तोच हिशेब. पाहुणे येणार म्हटलं की दहा टक्के येणार नाहीत असं धरून स्वयंपाक (आणि नेमके सगळे येतात, मग उपाशी कोण राहतं ते सांगायला नको). मला पाहायला आले होते तेव्हासुद्धा थोडी वाया जाणार असं धरूनच पसंत केलं असावं.

तर जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा आला आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवू लागलो. ते थेट आजतागायत. आधी सहा शहरं ठरली. पॅरिस, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि आणखी एक, जे दर आठवड्याला बदलायचं. मग ह्यांनी प्रत्येक शहराचा "स्थळामागे खर्च" काढला, म्हणजे एक प्रेक्षणीय स्थळ पाहायला सरासरी किती पैसे पडतात. त्यात पॅरिस नापास झालं. सकाळी दात घासताना मला सांगण्यात आलं, की पॅरिस परवडत नाही. मी तोंडात फेस घेऊन बरं म्हटलं. महिन्याभराने पॅरिसला जाणारं विमान स्वस्त मिळालं म्हणून पॅरिस परत आलं, पण राहायला नाही, फक्त उतरायला. व्हेनिसमध्ये राहणं महाग, म्हणून राहायचं पुलापलीकडे गावाबाहेर आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच व्हेनिस पाहायचं, ऑफिसला गेल्यासारखं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं ते रात्रीच्या बसने, कारण रात्र बसमध्ये काढली की हॉटेलचं भाडं वाचतं. मी म्हटलं, अहो, ह्या वयात मी बसल्या बसल्या झोपू? तर म्हणाले, "झोपायलाच जायचंय का आपण तिकडे?" ह्यांच्या प्रश्नांना उत्तरं नसतातच, तुम्ही कधी देऊन पाहा.

तुम्ही म्हणाल, मुलगा काय करत होता? आमच्या चिरंजीवांना मी फोन केला. तो म्हणाला, "आई, टूर कंपनीबरोबर जा ना सरळ. नाहीतर तुम्ही दोघं ठरवा, मला मध्ये घेऊ नका." बापावर गेलाय. वाया जाणारा वेळ आधीच कापून ठेवतो.

पुढचं मात्र ह्यांनी तुम्हाला नक्की सांगितलं नसणार, ते म्हणजे रंगीत तालीम. गेल्या हिवाळ्यात ह्यांनी आठवडाभर रजा घेतली आणि मलाही घ्यायला लावली. मला वाटलं, कुठेतरी जवळपास नेतायत. कसलं काय! घरातच युरोपच्या बजेटमध्ये राहून पाहायचं होतं. सकाळी पाव आणि उकडलेलं अंडं. त्यातला एक पाव कागदी रुमालात गुंडाळून, कुणी बघत नाही असं पाहून पिशवीत टाकायचा, तो दुपारचं जेवण (आमच्याच घरात, आमचाच पाव, मी चोरून पिशवीत टाकत होते, आणि हे हॉटेलच्या वेटरसारखे पलीकडे उभे राहून मी पकडली जाते का ते बघत होते). लिफ्ट बंद, कारण तिकडच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. भरलेल्या बॅगा पाठीला लावून चार मजले चढायचे आणि उतरायचे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई दार उघडून म्हणाल्या, "घर सोडून चाललात की काय?" मी म्हटलं, नाही हो, युरोपात आहोत.

आणि संडासाच्या दाराशी डबा. तिकडे म्हणे सार्वजनिक ठिकाणी त्याचेही पैसे पडतात, आणि लोकांचं बजेट कोलमडतं ते इथेच. तेव्हा दर वेळी जाताना डब्यात एक नाणं टाकायचं, म्हणजे रोजचा खरा आकडा कळेल. चौथ्या दिवशी नर्सबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि जाता जाता संडासात जाऊन आल्या. हे काही बोलले नाहीत, देवाशपथ. फक्त डबा उचलून थोडा हलवून पाहिला. नर्सबाईंनी पर्समधून नाणं काढलं, डब्यात टाकलं, साखर तिथेच ठेवली आणि गेल्या. जिन्यात भेटल्या तर अजून भिंतीकडे बघतात. माझी एवढी एकच मैत्रीण होती ह्या इमारतीत. आठवड्याच्या शेवटी ह्यांनी डबा टेबलावर पालथा केला, नाणी वेगळी केली (माझी कुठली ती ह्यांना कशी कळली, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही) आणि निष्कर्ष सांगितला: "तुझा खर्च जास्त होतोय. तिकडे पाणी कमी पी." ताई, बायका सांगतात, आमच्या ह्यांनी बांगड्या दिल्या, फ्लॅट दिला. मला एवढ्या वर्षांच्या संसारात ठसठशीत म्हणावं असं जे मिळालं ते हे: पाणी कमी पी.

तरी मी गप्प राहिले. बायका गप्प का राहतात हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीही राहिलात. मला वाटायचं, एकदा विमानात बसलो की आकडे खाली राहतील. आणि खोटं कशाला सांगू, रोज संध्याकाळी ते नकाशावर वाकलेलं टक्कल बघून कधीकधी बरंही वाटायचं. आपल्यासाठीच चाललंय ना हे सगळं, असं वाटायचं. ह्यांनी आम्हा दोघांना सारखे रेनकोट आणले होते, पिवळेजर्द, घाऊक बाजारातून, जिथे रस्ता दुरुस्त करणारी माणसं घेतात. घालून आरशापुढे उभे राहिलो तर आपल्याच गटाराचं झाकण शोधायला निघाल्यासारखे दिसलो. मी हसले. हेही हसले. हे एस्टिमेटमध्ये नव्हतं.

मग आली कॉफी. एके दिवशी हे मोठा शोध लागल्यासारखे आत आले. म्हणाले, रोममध्ये कॉफी उभ्याने काउंटरपाशी प्यायली तर एक दर, आणि खुर्चीवर बसून प्यायली तर दुसरा, कुठे कुठे तर तिप्पट.

"म्हणजे बसायचे पैसे वेगळे?" मी विचारलं.

"वेगळे. म्हणून आपण सगळीकडे उभ्याने प्यायची. सगळ्या दिवसांचं मिळून केवढं वाचतं बघ."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हटलं, अहो, ह्या सगळ्या सहलीत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. पॅरिस तुम्ही काढलंत, घातलंत, मी बोलले नाही. बसमध्ये झोपेन म्हटलं. मला एक दुपार द्या. एका चौकात खुर्चीवर बसून एक कॉफी, आणि उठायची घाई नाही. बास. हे विचारात पडले. मला वाटलं, लागलं बहुतेक मनाला. पेन्सिल घेतली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "टाकलं." मी वाकून पाहिलं. "किरकोळ व अनपेक्षित" ह्या सदरात छत्री मोडणे, बॅगेचं चाक निघणे आणि पोट बिघडणे ह्यांच्या खाली लिहिलं होतं: सौ. बसणे.

त्या दिवसापासून मी मनातून सहलीला जायचं सोडलं होतं. पण तिकिटं काढून झाली होती, तीही परत न होणारी (ती स्वस्त असतात). मग व्हिसा. ह्यांनी दोघांच्या दोन फायली तयार केल्या. प्रत्येक दिवसाचा "पर्याय अ" आणि "पर्याय ब", आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या हॉटेलांची बुकिंगं ("अ" ची आधी पैसे भरून, परत न मिळणारी; "ब" ची मात्र रद्द होणारी, म्हणून फुकट). निघायच्या सकाळी माझी फाईल काही केल्या पिशवीत मावेना, पिशवीचा बंद तुटायला आला. मी "ब" चे सगळे कागद काढले आणि पलंगावर ठेवले. कट नव्हता, कारस्थान नव्हतं. पिशवी लहान होती.

वकिलातीतल्या त्या दालनात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या आणि काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. त्याचा चष्मा डावीकडे उतरलेला, दांडीचा स्क्रू सैल. माझे हात नुसते शिवशिवत होते. त्याने ह्यांची फाईल मध्येच कुठेतरी उघडली आणि विचारलं, "आठव्या रात्री तुम्ही कुठे राहणार आहात?"

हे म्हणाले, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"दोन शहरांत एकाच रात्रीचं बुकिंग दिसतंय."

"पर्याय अ आणि पर्याय ब. पाऊस असला तर ब."

अधिकाऱ्याने चष्मा वर ढकलला, तो परत घसरला. "आणि बाराव्या रात्री?" हे खुलले. कुणीतरी पहिल्यांदाच मनापासून विचारत होतं ना! बाराव्या रात्रीपासून परतीपर्यंत सगळं सांगितलं, बसचे थांबे, हवामानाची सरासरी, दहा टक्के वाया का धरले तेसुद्धा. मागे रांग वाढत होती. मग माझी पाळी. माझी पातळ फाईल त्याने दोन मिनिटांत पाहिली. "तुम्ही काय बघणार तिकडे?" मी म्हटलं, "बघायचं काय ते हे सांगतील. मला जरा बसायचंय." तो हसला. हे हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "असं उत्तर देतात का? रिजेक्ट होशील."

पाकिटं आली तेव्हा हे ऑफिसात होते. मी उघडली नाहीत, तेवढा शिष्टाचार मला आहे. संध्याकाळी ह्यांनी सुरीने व्यवस्थित उघडली. माझ्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला. ह्यांच्यात एक छापील कागद, आणि त्यावर एका ओळीपुढे खूण: प्रवासाचा हेतू व मुक्कामाचा तपशील विश्वासार्ह वाटत नाही. ताई, दोन वर्षं ज्या माणसाने तपशिलाशिवाय दुसरं काही खाल्लं नाही, त्याला सांगितलं की तपशील विश्वासार्ह नाही. मला त्या क्षणी अधिकाऱ्याचा फार राग आला, हे तुम्ही माना अगर मानू नका. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि ह्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारावं? "तुझी फाईल अपूर्ण होती. अपूर्ण फायलीवर तुला दिला कसा?"

मी हात काढून घेतला.

परत अर्ज करायला जी तारीख मिळत होती ती आमच्या परतीच्या विमानाच्याही नंतरची. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "अर्थात, तूही जाणार नाहीसच." हे "अर्थात" आमच्या घरात फार जुनं आहे. अर्थात, तू नोकरी पूर्ण वेळ करणार नाहीस. अर्थात, आई आपल्याकडेच राहील. त्या शब्दानंतर चर्चा नसते, कप विसळायचे असतात. मी कप विसळले नाहीत. म्हटलं, हिशेब काय सांगतो? दोघांनीही नाही गेलं तर किती बुडतात, आणि मी एकटी गेले तर किती? ह्यांना राहवलं नाही, पेन्सिल घेतलीच. बेरीज झाली, वजाबाकी झाली, पेन्सिल थांबली.

"बोला की," मी म्हटलं.

"तू गेलीस तर कमी बुडतात."

"मग?"

ह्यांनी नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. आणि म्हणाले, "हिशेब म्हणजे सगळं नसतं."

ताई, हे वाक्य ऐकायला मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून थांबले होते. हनिमूनला दोन रात्रींची एक केली तेव्हा थांबले होते. मुलाच्या वेळी खासगी खोली नको, वॉर्ड चालेल म्हणाले तेव्हा थांबले होते. डबा हलवला तेव्हासुद्धा, नर्सबाईंच्या तोंडाकडे बघत, थांबले होते. आणि ते निघालं कधी, तर हिशेब पहिल्यांदा माझ्या बाजूने लागला तेव्हा! मी उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बॅग काढली.

त्यानंतर ह्यांनी तुम्हाला फोन केला असणार. पण फोननंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मंगळवारी दुपारी हे दुकानात आले. एवढ्या वर्षांत लोक जावई आणतात, शेजारी आणतात, ह्यांनी कधी पाय ठेवला नव्हता (चष्मे ह्यांनी कायम ऑफिसच्या कोपऱ्यावर, सवलतीत घेतले). मालक उठून उभे राहिले. हे म्हणाले, "नजर तपासायचीय," आणि माझ्या त्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. मी दिवा मालवला, ह्यांच्या नाकावर चाचणीची चौकट चढवली. समोरच्या तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी ह्यांना दिसत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी दिसत असणार. ती बसची वेळापत्रकं, ते बारीक अक्षरातले नियम, सगळे ह्या डोळ्यांनी वाचले होते. मी भिंग बदललं. पहिलं स्पष्ट की दुसरं?

"दोन्ही सारखीच."

परत बदललं. हे की हे?

"जाऊ नकोस," हे म्हणाले.

अंधारात माणसाचा आवाज वेगळा येतो, ताई. तुमचा सोन्या मला त्या वेळी दिसला, अगदी चड्डीतला. मी तिथेच उभी होते, त्यांच्या शेजारी, नेहमीच्या जागी. मनात आलं, एवढं एक वाक्य आधी कधी म्हणाला असतात, कशावरूनही, तर ह्या खोलीत आज मी रडत असते. मी म्हटलं, "जाणार आहे." मग आणखी एक भिंग घातलं, आणि त्याने खालची ओळ त्यांना लख्ख दिसली. ती त्यांनी मोठ्याने वाचली, शाळेतल्या मुलासारखी, एकही अक्षर न चुकता. मी नंबर लिहून दिला. बाहेर येऊन त्यांनी मालकांना विचारलं, "घरच्या माणसाला किती टक्के सूट असते?"

हे असं आहे. मी दुष्ट नाही आणि ते राक्षस नाहीत. तशी असते तर पत्र निम्म्यात संपलं असतं. तुम्ही म्हणालात, एकटी जाऊन दाखवणार कुणाला, बोलणार कुणाशी? बोलायचं म्हणाल तर दोघं असतानाही आम्ही आकडेच बोललो असतो. आणि दाखवायचं कशाला? मी सगळं बघणारही नाही. रात्रीच्या सगळ्या बस मी सोडून दिल्यात, व्हेनिसला रेल्वेने जाणार आहे, दिवसाउजेडी, खिडकीपाशी, माझ्या पगारातून. रोममध्ये ह्यांनी एका दिवसात आठ ठिकाणं बसवली होती. मी त्यातलं एक ठेवलंय. पिवळा रेनकोट नेणार नाही. ह्यांनी मात्र काल स्वतःचा घडी करून माझ्या बॅगेत ठेवला, माझ्या रेनकोटावर. मी दोन्ही काढून कपाटात ठेवले. मग ह्यांचा परत बॅगेत घातला. मग परत काढला.

असो. तुम्हाला राग आला असेल तर तो गोळी घेतल्यानंतर करा. गुडघ्यांना शेक द्या, जिना टाळा. तुम्ही वयाने मोठ्या, तुमच्यासमोर एवढं तोंड उघडलं त्याबद्दल क्षमा मागायला हवी, पण ती खरी वाटणार नाही, म्हणून मागत नाही.

तुमची एकुलती एक भावजय

ता. क. लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात तेव्हा घेतलेला तुमचा तो जाड करडा कोट कपाटात नुसता पडून असेल, तर हवा होता. तिकडे संध्याकाळी गार पडतं म्हणतात.

ता. क. २. कोट पाठवू नका. ताई, एवढ्या मोठ्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम टाळली. तुम्ही तिकडे लेकीपाशी तीन महिने राहून आलात, आणि युरोपबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. एकदाच, लग्नघरात माझ्याबरोबर भांडी पुसताना म्हणाला होतात, की तीन महिन्यांत मी तिथलं एक झाड पाहिलं, लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तुमचा तो व्हिसा अजून दीड वर्ष चालतो, मी तुमच्या लेकीकडून खात्री करून घेतली आहे (ती म्हणाली, आई कसली येतेय). सगळ्या खोल्या दोघांच्या आहेत, तुमच्या भावाच्या अर्ध्या पलंगाचे पैसे भरलेले आहेत आणि ते परत मिळत नाहीत. विमानाचं तुमचं तिकीट मी काढते. तुमच्यावाचून ज्याचं घरी अडेल असं आता कुणी राहिलेलं नाही. हे लागेल तुम्हाला, पण खरं आहे. फार प्रेमाने बोलावतेय असंही समजू नका. आपलं पटत नाही, हे दोघींना माहीत आहे. नाही पटलं तर वेगवेगळ्या टेबलांवर बसू.

ता. क. ३. आत्ताच बाहेरच्या खोलीतून विचारणा झाली, एवढं कुणाला लिहितेयस? म्हटलं, तुमच्या बहिणीला. म्हणाले, "छान. ती तुला बरोबर समजावेल." तेव्हा समजवायला या. येताना पासपोर्ट घेऊन या.